स्वतःच्याच टोकनात मोजलेला खजिना: एका विकेंद्रित संघटनेच्या अंदाजपत्रकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विकेंद्रित स्वायत्त संघटनेचे आहे. ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर, तारण ठेवून कर्ज घेण्या-देण्याची सोय करणारी एक प्रणाली ही संघटना सांभाळते. संघटनेचे आणि तिच्या टोकनचे, म्हणजे बाजारात विकता येणाऱ्या आणि मताचा हक्क देणाऱ्या तिच्या डिजिटल नाण्याचे, नाव येथे दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून रकमा ठोक केल्या आहेत आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तेवढे कायम ठेवले आहे. २०२१ च्या अखेरीपासून पुढची दोन वर्षे मी या संघटनेच्या अंदाजपत्रक समितीवर होते. पुढे ज्या चुका येतील त्यांपैकी काहींना माझीही संमती होती, हे आधीच नोंदवून ठेवते.

या संघटनेला संचालक मंडळ नाही, वित्त अधिकारी नाही आणि कार्यालयही नाही. टोकनधारक मतदान करतात किंवा आपले मत एखाद्या प्रतिनिधीकडे सोपवतात. प्रस्तावावर आधी चर्चा होते, मग कल पाहण्यासाठी प्राथमिक मतदान होते, त्यानंतर तीन दिवसांचे बंधनकारक मतदान थेट ब्लॉकचेनवर होते, आणि प्रस्ताव मंजूर झाला तरी तो दोन दिवस टाइमलॉकमध्ये थांबतो. कोणाला गैरप्रकाराचा संशय आला तर हालचाल करायला वेळ मिळावा, हा त्या दोन दिवसांचा हेतू. मुख्य खजिना ज्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) आहे, त्यातून या वाटेनेच पैसे बाहेर पडतात. रोजच्या खर्चासाठी इतका खटाटोप परवडत नाही, म्हणून चार कार्यगट नेमलेले होते: अभियांत्रिकी, सुरक्षा, प्रसार आणि भागीदारी. प्रत्येक गटाचे स्वतंत्र मल्टिसिग पाकीट होते आणि त्यातून रक्कम हलवण्यासाठी सात स्वाक्षरीदारांपैकी चौघांच्या सह्या लागत.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये खजिन्याची एकूण किंमत पडद्यावर १० कोटी डॉलर दिसत होती. त्यांपैकी ८ कोटी ८० लाख डॉलर संघटनेच्या स्वतःच्या टोकनच्या रूपात होते, २० डॉलर भावाने ४४ लाख टोकन. ९० लाख डॉलरचे इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचे चलन) होते आणि उरलेले ३० लाख डॉलर एका स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे भाव एका डॉलरला बांधून ठेवलेल्या डिजिटल चलनात, होते. वर्षाचे अंदाजपत्रक ६० लाख डॉलरचे, म्हणजे महिन्याला ५ लाखांचे. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात वाक्य होते की सध्याच्या खर्चाने खजिना १६ वर्षांहून अधिक काळ पुरेल. त्या वाक्यावर कोणीही हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही.

मासिक ५ लाखांपैकी २ लाख स्टेबलकॉइनमध्ये आणि ३ लाख डॉलरच्या मोलाचे स्वतःचे टोकन, गेल्या तीस दिवसांच्या सरासरी भावाने, असे द्यायचे ठरले. तीस दिवसांची सरासरी घेण्यामागचे कारण रास्त होते: एखाद्या दिवशी भाव कृत्रिमरीत्या वर-खाली करून कोणी जास्तीचे टोकन पदरात पाडून घेऊ नयेत.

अडचण

भाव पडायला लागले तेव्हा पहिला तडा या सरासरीच्या कलमालाच गेला. मे २०२२ मध्ये टेरा या साखळीचे स्टेबलकॉइन कोसळले आणि सगळा बाजारच घसरला. आमच्या टोकनची तीस दिवसांची सरासरी तेव्हा ९ डॉलर होती आणि प्रत्यक्ष भाव ५ डॉलर. ३ लाख डॉलरचे देणे ९ च्या भावाने भागवले की ३३ हजारांच्या आसपास टोकन हाती पडतात; ते विकायला गेले तर १ लाख ६७ हजार डॉलरही मिळत नाहीत. ज्यांना डॉलरमध्ये मानधन कबूल केले होते त्यांच्या हातात टोकनच्या हिश्शाच्या निम्म्याहून थोडेच अधिक पडले.

कबूल केले होते ते नेमके काय, हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता. अभियांत्रिकी आणि सुरक्षा या गटांनी प्रस्तावाचा अर्थ असा लावला की वचन डॉलरचे आहे आणि टोकन हे केवळ चुकते करण्याचे साधन आहे. त्यामुळे तफावत संघटनेने भरून द्यावी. प्रसार गटाने मानले की सरासरीचे सूत्र हेच वचन आहे आणि भाव पडला तर तोटा घेणाऱ्याचा. भागीदारी गट तर सरासरी महिन्याच्या पहिल्या तारखेला काढत होता, बाकीचे पैसे देण्याच्या दिवशी. त्यामुळे एकाच महिन्यात दोन निरनिराळे भाव वापरले गेले होते. प्रस्तावाच्या मजकुरात यांपैकी कशालाच आधार नव्हता आणि कशालाच आडकाठीही नव्हती.

जूनमध्ये दोन गटांनी तफावतीची रक्कम आपापल्या मल्टिसिगमधून परस्पर देऊन टाकली आणि मग ती मंजुरीसाठी मतदानाला ठेवली. मत अनुकूल पडले. पण आधी खर्च आणि मग संमती हा क्रम त्या दिवशी रूढ झाला, आणि त्याचे परिणाम आम्हाला पुढे वर्षभर निस्तरावे लागले. पुढच्या वसंतात, २०२३ मध्ये, आर्बिट्रम या ब्लॉकचेन जाळ्याच्या फाउंडेशनच्या पहिल्या मोठ्या प्रस्तावावरून असाच वाद कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. ७५ कोटी टोकन मागणाऱ्या त्या प्रस्तावावर मतदान चालू असतानाच त्यांपैकी ५ कोटी टोकन हलवले गेल्याचे उघड झाले, टोकनधारक खवळले, आणि अखेर प्रस्तावाचे तुकडे करून अंदाजपत्रक आणि पारदर्शकतेची कलमे वेगळी मांडावी लागली. तो वाद वाचताना मला आमचा जून आठवत होता. रक्कम लहान असल्यामुळे आमच्याकडे तितका गदारोळ झाला नाही, एवढाच फरक.

दुसरी अडचण अधिक खोल होती. भाव २० डॉलर असताना ३ लाख डॉलर भागवायला १५ हजार टोकन पुरत. भाव ४ वर आल्यावर त्याच कामाला ७५ हजार लागू लागले. मानधन घेणाऱ्यांना घरखर्च असतो, ते टोकन मिळताच विकत. विक्री होई ती प्रामुख्याने एकाच विकेंद्रित बाजारपेठेतल्या पुंजीत, म्हणजे एका बाजूला आमचे टोकन आणि दुसऱ्या बाजूला दुसरे चलन ठेवलेल्या अदलाबदलीच्या साठ्यात, जिच्यात दोन्ही बाजूंना साधारण १० लाख डॉलरची तरलता होती. अशा पुंजीत दोन्ही बाजूंच्या साठ्यांचा गुणाकार स्थिर राहतो. चालू भावाने १ लाख डॉलरचे टोकन त्यात एकदम विकले तर हाती सुमारे ९१ हजार पडतात आणि भाव जवळजवळ १७ टक्के खाली जातो. इतर लोक नंतर खरेदी करून तो थोडा वर आणतात हे खरे. पण मंदीत खरेदीदार येतच नाहीत. आम्ही दर महिन्याला आमचाच भाव पाडत होतो आणि पडलेल्या भावामुळे पुढच्या महिन्यात आणखी टोकन वाटत होतो.

जूनच्या अखेरीस इथरचा भाव १,००० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे डिसेंबरच्या जवळपास चौथ्या हिश्शावर. ९० लाखांच्या जागी २४ लाख उरले होते. स्टेबलकॉइन ३० वरून १८ लाखांवर आले होते. बाजार थंडावल्याने कर्जव्यवहार घटले होते आणि त्यातून येणारे शुल्क नावापुरते राहिले होते. स्वतःचे टोकन बाजूला ठेवले तर ४२ लाख डॉलर आणि महिन्याचा खर्च ५ लाख. सोळा वर्षांचे आठ महिने झाले होते.

तिसरी गोष्ट योगायोगाने सापडली. ब्लॉकचेनवरचा प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसतो, त्यामुळे देखरेख आपोआप होते, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. एका स्वयंसेवकाने स्वतःच्या हौसेने चारही पाकिटांचे व्यवहार एका तक्त्यात उतरवायला घेतले. त्याच्या १४० व्या ओळीच्या आसपास एक पत्ता होता, ज्याच्याकडे दर सेकंदाला थोडे थोडे स्टेबलकॉइन वाहत होते. वाहते मानधन देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमधून हा प्रवाह जानेवारीत सुरू केला होता. ज्या सहकाऱ्याच्या नावे तो होता, त्याने फेब्रुवारीत काम सोडले होते. प्रवाह बंद करायचा व्यवहार कोणी पाठवलाच नाही, आणि अकरा आठवडे पैसे जात राहिले. त्या सहकाऱ्याला विचारताच त्याने सगळी रक्कम परत केली. ते पाकीट त्याने उघडूनही पाहिले नव्हते. रक्कम मोठी नव्हती. पण हजारो टोकनधारक, अठ्ठावीस स्वाक्षऱ्यांच्या जागा, सगळे काही उघड्यावर, आणि तरी अकरा आठवडे ते कोणीही पाहिले नाही. पाहणे हे कोणाचेच काम म्हणून नेमून दिलेले नव्हते.

तिमाही अहवाल देण्याची अट प्रस्तावात होती. पहिल्या तिमाहीत चारपैकी दोन गटांनी अहवाल दिला. उरलेल्या दोघांचे पैसे रोखण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, कारण वर्षभराची तरतूद जानेवारीतच त्यांच्या पाकिटात जाऊन पडली होती.

पुढे असलेले पर्याय

जुलै २०२२ मध्ये समितीने तीन आठवडे पर्यायांवर काथ्याकूट केला. काहींवर झटकन एकमत झाले, काहींवर शेवटपर्यंत झाले नाही.

वाट पाहणे हा पर्याय उघडपणे कोणी मांडला नाही, पण बऱ्याच जणांच्या मनात तोच होता. भाव परत वर येतील, तळाला विकणे म्हणजे नुकसान पक्के करणे, असे बोलले जाई. त्यावर माझे म्हणणे असे होते की आठ महिन्यांचीच शिदोरी उरलेली असताना भावाबद्दल मत बाळगण्याची चैन संघटनेला परवडणारी नाही. ज्याच्यापाशी पाच वर्षांची सोय आहे त्याने वाट पाहावी.

स्वतःचे टोकन तारण ठेवून स्टेबलकॉइन उचलायचे, हा पर्याय दोन मोठ्या प्रतिनिधींना फार आवडला होता, कारण त्यात काहीच विकावे लागत नव्हते. मला तो सर्वांत घातक वाटला आणि आजही वाटतो. टोकनचा भाव पडतो तो बहुधा संघटनाच अडचणीत असते म्हणून. म्हणजे पैशाची गरज जेव्हा सर्वाधिक, नेमके तेव्हाच तारणाचे मोल सर्वांत कमी आणि ते लिलावात निघण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स ही क्रिप्टो-चलनांची बाजारपेठ कोसळली, तेव्हा तिच्या भगिनी कंपनीच्या ताळेबंदात एफटीएक्सचेच टोकन मोठ्या प्रमाणावर मालमत्ता म्हणून धरलेले होते हे जगाला कळले. जुलैत आमच्यापाशी ते उदाहरण नव्हते; आम्ही केवळ एका मताच्या फरकाने हा पर्याय बाजूला ठेवला.

बाजाराबाहेर थेट सौदा करून एखाद्या दीर्घकालीन खरेदीदाराला टोकन विकणे शक्य होते. असा खरेदीदार सवलत मागतो आणि त्या बदल्यात ठरावीक काळ टोकन न विकण्याचे बंधन पत्करतो. आक्षेप दोन होते: सवलत म्हणजे जुन्या टोकनधारकांच्या हिश्शाची घट, आणि मोठ्या खरेदीदाराबरोबर येणारी मते.

पाच जणांच्या समितीला मतदानाविना तातडीने निर्णय घेण्याचे अधिकार द्यावेत, अशीही सूचना आली. पाच दिवसांची प्रक्रिया संकटात फार लांब पडते, हा तिचा मुद्दा खरा होता आणि पुढे तो आमच्या अंगाशीही आला. पण त्याच एप्रिलमध्ये बीनस्टॉक या प्रकल्पात काय घडले ते सर्वांना ताजे आठवत होते. तेथे तातडीच्या मंजुरीची वाट ठेवलेली होती. हल्लेखोराने फ्लॅश लोन (त्याच व्यवहारात घेऊन फेडायचे विनातारण कर्ज) घेऊन एकाच व्यवहारापुरते प्रचंड मताधिक्य मिळवले आणि त्याच वाटेने खजिना रिकामा केला; नुकसान १८ कोटी डॉलरच्या घरात गेले. समितीला अधिकार देणे आणि मताधिक्याला घाईचा रस्ता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज मला स्पष्ट दिसते. तेव्हा आम्ही दोन्ही एकाच झटक्यात नाकारल्या.

खर्चकपात अटळ होती. वाद फक्त किती आणि कोणाची, एवढ्यापुरताच होता.

घेतलेले निर्णय आणि कृती

पहिला ठराव हिशेबाच्या मांडणीचा होता. खजिन्यातले स्वतःचे टोकन ताळेबंदात शून्य धरायचे. एखाद्या कंपनीने अद्याप न विकलेले स्वतःचे भाग मालमत्तेत धरले तर लेखापरीक्षक तिला उभी करणार नाही, हे साधे तत्त्व. पण या एका ठरावावर जितकी कडवट चर्चा झाली तितकी पुढच्या प्रत्यक्ष पैशांच्या ठरावांवरही झाली नाही. संघटनेची संपत्ती १० कोटींवरून ४२ लाखांवर आली हे वाचताना लोकांना आपणच काहीतरी गमावले असे वाटत होते. ठराव मंजूर झाला आणि पुढची सगळी चर्चा महिन्यांच्या भाषेत होऊ लागली: अमुक केले तर किती महिने, तमुक केले तर किती.

मग वचनाचे एकक ठरले. मासिक खर्च ५ लाखांवरून ३ लाख डॉलरवर आणला. त्यांतले २ लाख स्टेबलकॉइनमध्ये. हे वचन डॉलरचे. उरलेला भाग टोकनच्या ठरावीक संख्येत, करार करतानाच पक्की केलेली, आणि एका वर्षात हळूहळू हाती येणारी; हे वचन टोकनचे, भावाची जोखीम घेणाऱ्याची. करारात हे एका वाक्यात लिहिले गेले. जूनमध्ये ज्यांना तफावत मिळाली नव्हती त्या दोन गटांनाही ती त्याच हिशेबाने देण्यात आली. ४२ लाखांच्या खजिन्यातून ही रक्कम देणे जड गेले, तरी ती टाळली असती तर संयमाने वागलेल्यांनाच शिक्षा झाली असती.

इथरपैकी निम्मे विकायचे ठरले, सहा आठवड्यांत सहा समान हप्त्यांत, कोणत्याही आठवड्यात भाव पाहून थांबायचे नाही या अटीवर. त्यातून सुमारे १२ लाख डॉलर आले. थेट सौद्यात ४ लाख टोकन ३ डॉलर २० सेंट भावाने गेले, बाजारभावाच्या वीस टक्के खाली, वर्षभर न विकण्याच्या अटीवर. खरेदीदाराने त्या वर्षात मताधिकार मागितला. समितीतल्या तिघांचे म्हणणे होते की द्यावा, सौदा मोडू नये. आम्ही दोघांनी ताणून धरले आणि बंधनाच्या काळात ते टोकन मत देऊ शकणार नाहीत असे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घेतले. १२ लाख ८० हजार डॉलर आले. एकूण स्टेबलकॉइन ४३ लाखांच्या आसपास गेले, त्यातून तफावतीची भरपाई वजा जाऊनही दीड वर्षाहून अधिक काळ निघणार होता.

देखरेखीसाठी तीन बदल झाले. वर्षाची तरतूद एकदम देणे बंद करून ती तिमाही हप्त्यांत मुख्य खजिन्यातून सुटू लागली. पुढचा हप्ता सुटण्याच्या सात दिवस आधी मागच्या तिमाहीचा जमाखर्च प्रसिद्ध झाला नसेल तर हप्ता थांबेल, अशी अट घातली. आणि अर्धवेळ मानधनावर एक वित्त निरीक्षक नेमली, जिच्यापाशी एकही सही नव्हती. तिचे काम फक्त चारही पाकिटे रोज पाहणे, प्रत्येक व्यवहाराला मंजूर तरतुदीची ओळ जोडणे आणि जी जोडता येत नाही ती जाहीरपणे विचारणे. पहिल्या महिन्यात तिने अशा १९ ओळी विचारल्या. त्यांतल्या सतराची उत्तरे एका दिवसात आली, कारण ती साधीच होती. उरलेल्या दोन ओळींमुळे प्रसार गटाचा एक करार रद्द झाला.

स्वाक्षरीदारांची जबाबदारीही लेखी झाली. त्यांनी फक्त मंजूर तरतुदीतले देणे द्यायचे, पत्ता स्वतंत्र मार्गाने पडताळायचा, एका चलनाचे दुसऱ्या चलनात रूपांतर करायचे नाही, आणि शंका असेल तर सही नाकारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

हे सगळे मार्गी लागत असताना सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या वायदे बाजार नियामक आयोगाने ऊकी डीएओ या आमच्यासारख्याच विकेंद्रित स्वायत्त संघटनेवर खटला भरला. मतदान करणाऱ्या टोकनधारकांची ती एक अनोंदणीकृत संघटना आहे, अशी आयोगाची मांडणी होती. आमच्या एका गटाच्या सातपैकी दोन स्वाक्षरीदारांनी त्याच आठवड्यात राजीनामे दिले. त्यांना दोष देता येत नाही. आपल्या सहीचा अर्थ कोणत्या देशातले न्यायालय काय लावील हे त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते. तीन आठवडे त्या पाकिटाला पाचपैकी चार सह्या लागत राहिल्या आणि त्यांतला एक प्रवासात होता. प्रणालीतली त्रुटी दाखवून देणाऱ्या एका संशोधकाचे बक्षीस नऊ दिवस रखडले. सुरक्षेच्या कामात अशी दिरंगाई फार महाग पडू शकते, कारण पुढच्या वेळी तो संशोधक त्रुटी आमच्याकडे आणील याची शाश्वती राहत नाही. नव्या स्वाक्षरीदारांनी कायदेशीर कवच मागितले आणि मर्यादित जबाबदारीची एक नोंदणीकृत संस्था संघटनेच्या वतीने उभी करण्यात आली. वायोमिंग राज्याने २०२१ पासूनच अशा संघटनांच्या नोंदणीची सोय केली होती. आम्हाला ती एक वर्ष आधी विचारात घेता आली असती.

परिणाम

खर्च आटोक्यात आला आणि संघटना टिकली. त्याची किंमतही मोजावी लागली. अभियांत्रिकी गटातले नऊपैकी दोघे सोडून गेले, त्यांतली एक व्यक्ती व्याजदराच्या गणिताचा भाग एकटीच पूर्णपणे जाणत होती. तिच्या जाण्याने एक सुधारित आवृत्ती पाच महिने लांबली. प्रसार गट बरखास्त झाला. कोणालाही जाताना एका महिन्याचेही जादा मानधन देण्याची तरतूद आम्ही ठेवली नव्हती, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

नव्या व्यवस्थेची खरी परीक्षा मार्च २०२३ मध्ये झाली. सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्चला बंद पडली. यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीपैकी ३३० कोटी डॉलर तिथे अडकल्याचे जाहीर झाले आणि ११ तारखेला, शनिवारी, त्याचा भाव ९० सेंटच्याही खाली गेला. आमचे जवळजवळ सगळे स्टेबलकॉइन तेच होते. १० कोटींच्या आभासातून बाहेर पडताना आम्ही स्वतःच्या टोकनवरचे अवलंबन काढले आणि ते सगळे एका खाजगी कंपनीच्या टोकनवर नेऊन ठेवले होते, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

मुख्य खजिन्याला हात लावणे अशक्य होते. मतदान आणि टाइमलॉक मिळून पाच दिवस. अभियांत्रिकी गटाच्या पाकिटात मात्र तिमाहीचे पैसे होते. ते ताबडतोब दुसऱ्या स्टेबलकॉइनमध्ये बदलावेत, जे वाचेल ते वाचवावे, असा व्यवहार कोणीतरी रांगेत लावला आणि दोन तासांत त्यावर तीन सह्या झाल्या. चौथी सही जिची हवी होती तिने व्यवहार उघडून पाहिला, लेखी जबाबदारीतले रूपांतराचे कलम शोधले आणि गटाच्या संभाषणात एकच ओळ लिहिली: हे माझ्या अधिकारात नाही. पुढचे काही तास तिच्यावर जे दडपण आले ते मी पाहिले आहे. रविवारी अमेरिकी सरकारने ठेवीदारांचे पैसे पूर्ण मिळतील असे जाहीर केले आणि सोमवारपर्यंत भाव एका डॉलरच्या जवळ परतला.

संघटनेत या घटनेची आठवण शिस्तीचा विजय म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. तिने सही नाकारली ते योग्यच होते, कारण तसा अधिकार तिला दिलेला नव्हता. पण सरकारची घोषणा झाली नसती, तर त्याच कलमामुळे तिमाहीचे मानधन बुडाले असते आणि मुख्य खजिन्याचेही तेच झाले असते. निकाल चांगला लागला म्हणून व्यवस्था चांगली होती असा निष्कर्ष काढू नये. आम्ही त्यानंतर दोन गोष्टी केल्या: कोणत्याही एका स्टेबलकॉइनमध्ये निम्म्याहून अधिक रक्कम ठेवायची नाही अशी मर्यादा, आणि भाव ठरावीक काळ ठरावीक पातळीखाली राहिला तर स्वाक्षरीदारांनी नेमके काय करायचे याची आगाऊ मंजूर केलेली छोटी यादी. जुलैत नाकारलेल्या तातडीच्या अधिकाराचे हे मर्यादित, बंदिस्त रूप होते. ते तेव्हाच सुचायला हवे होते.

वेगळे काय करता आले असते

२०२१ च्या अखेरीस एका प्रतिनिधीने खजिन्यातले पाच टक्के टोकन विकून स्टेबलकॉइन घ्यावेत असा प्रस्ताव आणला होता. ते २ लाख २० हजार टोकन होते. हळूहळू विकले असते आणि विक्रीचा दबाव धरूनही सरासरी १५ डॉलर मिळाले असते, तर ३३ लाख डॉलर हाती आले असते. पुढच्या उन्हाळ्यात इथर विकून आणि सवलतीच्या सौद्यात ४ लाख टोकन देऊन आम्ही मिळवले २५ लाख. तो प्रस्ताव पडला, कारण स्वतःचेच टोकन विकणे म्हणजे स्वतःवर अविश्वास, असा सूर लागला होता. मी तटस्थ राहिले. त्या मतदानातली तटस्थता हा या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत महाग निर्णय होता.

इथर विकण्याबद्दल आमच्यावर नंतर बरीच टीका झाली, कारण २०२३ च्या अखेरीस भाव २,००० डॉलरच्या वर गेला. त्या टीकेत मला तथ्य वाटत नाही. अठरा महिन्यांच्या मानधनाची खात्री विकत घेण्यासाठी ते विकले होते, आणि ती खात्री मिळाली. हप्त्यांची तारीख आधी जाहीर केल्यामुळे काही चतुर व्यापाऱ्यांनी आमच्या आधी विकून फायदा घेतला, ही टीका मात्र योग्य आहे. दिवस न सांगता फक्त आठवडा सांगता आला असता.

कपात गटनिहाय न करता कामनिहाय करायला हवी होती. आम्ही चारही गटांना सारखाच टक्का लावला, कारण तो सर्वांत कमी भांडणाचा मार्ग होता. सुरक्षेच्या कामाला कात्री लावायची गरज नव्हती आणि व्याजदराचे गणित जाणणाऱ्या एकट्या व्यक्तीला थांबवून घेणे कोणत्याही प्रसारमोहिमेपेक्षा स्वस्त पडले असते.

मतदानाचा प्रश्न तसाच आहे. अंदाजपत्रकाच्या प्रस्तावांना कोरम बहुधा शेवटच्या काही तासांत, दोन मोठ्या प्रतिनिधींच्या मतांनी पुरा होतो. हे केवळ उदासीनतेचे लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या प्रणालीत एका संघटित गटाने ४ लाख ९९ हजार कॉम्प टोकन, तेव्हाचे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, आपल्या ताब्यातल्या योजनेकडे वळवण्याचा प्रस्ताव थोड्या मताधिक्याने मंजूर करून घेतला होता. पुढे तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. तिथे काही फोडावे लागले नव्हते, कोड नियमाप्रमाणेच चालला होता. कमी मतदान असलेल्या खजिन्यावर देखरेख ठेवणारा निरीक्षक अशा प्रसंगी फक्त ओरडू शकतो.

आणि आमच्या निरीक्षकाचे पद कोणाच्या मतांवर टिकून आहे, हेही पाहायला हवे. ज्या दोन प्रतिनिधींच्या मतांनी कोरम पुरा होतो, त्यांतला एक अभियांत्रिकी गटातून मानधन घेतो. तो स्वतःच्या गटाच्या तरतुदीवर मत देतो आणि ती तपासणाऱ्या व्यक्तीच्या नेमणुकीवरही देतो. तो सचोटीचा माणूस आहे. मी त्याच्याबरोबर काम केले आहे. मानधन घेणाऱ्याने आपल्या गटाच्या तरतुदीवर मत देऊ नये असा प्रस्ताव मी समिती सोडण्यापूर्वी मांडला होता. त्याची मते वगळली तर कोरमच होत नाही, या कारणाने तो पडला. निरीक्षकाची मुदत संपली तेव्हा तिने पुन्हा अर्ज केला नाही, आणि मी समिती सोडली त्या दिवशी ती जागा रिकामी होती.